उकड्या तांदळातला कॅमेरा

हळदोण्याला कायतानबाबनं डबा उघडला,
बिस्किटांचा, झाकण गंजलेलं,
कोपरापर्यंत हात घातला उकड्या तांदळात
आणि विहिरीत पडलेली कळशी काढावी तसा
कॅमेरा वर काढला.

"दमट हवा. तांदूळ नसता
तर भिंगाला कधीच बुरशी धरली असती."

साडेचार हजार. मी तीन म्हणालो.
त्यानं घासाघीस केली नाही, नुसता सांगत राहिला:
वाड्यावरचे सगळे पासपोर्टचे फोटो ह्यातलेच,
कुवेत, बहरीन, मग लिस्बन.
"दोन्ही कान दिसायला हवेत. मी कान दाखवायचो,
ते जायचे."

चार दिले.
मागचं दार उघडलं तर एक दाणा पडला टेबलावर, लालसर.
त्यानं तो बोटानं टिपून परत डब्यात टाकला.

नीट दिसतंय का बघावं म्हणून
त्याच्याकडेच वळवला कॅमेरा.
रोल नव्हता. त्याला माहीत होतं,
त्याच्यासमोरच तर उघडला होता मी.
तरी त्यानं कॉलर सारखी केली,
पांढरे केस कानांमागे घेतले,
आधी डावीकडचे, मग उजवीकडचे,
आणि बसला श्वास धरून.

मला खटका दाबवेना.