डावा हात

मासळीच्या जुन्या गोदामात आमचा छापखाना आहे,
व्हागुरच्या धक्क्याला लागून.
खारवलेल्या कॉडचा वास भिंतींतून अजून गेलेला नाही,
दमट दिवशी तो कागदाआधी जागा होतो.
मी चित्रं काढत नाही.
मी चाक फिरवतो.

सुन्नुवा आली फेब्रुवारीत,
बुटांत वितळलेला बर्फ घेऊन.
म्हणाली, बाबांना तेलरंगात तीनदा काढलं, त्रोंदुर,
तिन्ही वेळा समुद्रच जास्त आला,
माणूस कमी.
रंगावर रंग चढवता येतो ना, म्हणून चढवत बसले.
मला असं काही दे
जिथे हात मागे घेता येणार नाही.

मी तिला दगड दाखवला.
बव्हेरियाच्या खाणीतला, सायीच्या रंगाचा,
दोघांनी उचलायचा.
काळ्या दगडावरची रेघ असेल कायमची,
हा पिवळा आहे.
ह्याच्यावरची रेघ बावीस कागदांपुरती,
मग वाळू, पाणी, आणि दुसऱ्या कुणाचं तरी चित्र.

अकरा दिवस तिने चरबीच्या खडूने काढलं,
मनगट लाकडी फळीवर टेकून,
कारण दगड घामाचंही चित्र करतो.
हानुस, जाळ्याच्या ढिगावर बसलेला.
दोन्ही हात गुडघ्यांवर.
डाव्या हाताला तर्जनी नाही:
ग्रीनलंडच्या पाण्यात विंचच्या तारेने नेली
ती सुन्नुवाच्या जन्माआधीची गोष्ट.
तिला बोट नसलेलाच बाप ठाऊक.
मुठीत धरायला तिला करंगळी मिळायची.

मग डिंक, त्यात आम्लाचे मोजून नऊ थेंब.
एक रात्र.
सकाळी मी टर्पेंटाइनने सगळं पुसून टाकलं.
दगड कोरा.
ती खुर्चीवरून उठलीच.
थांब, म्हटलं,
आणि ओला स्पंज फिरवला, आणि शाईचा रूळ,
एकदा, दोनदा,
सातव्यांदा
हानुसच्या भुवया आल्या.
तेल पाण्याशी बोलत नाही,
आमचा सगळा धंदा त्या अबोल्यावर चालतो.

पहिला कागद मी दोन टोकांना धरून सोलला.
ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली,
हात.

मी सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगतो.
अक्षरं असली की लोक उलटी काढतात,
चेहऱ्याला मात्र विसरतात.
तुटलं बोट उजव्या हाताला गेलं होतं.
भांग दुसरीकडे. शर्टाची बटणं बायकी बाजूला.
अकरा दिवस, आणि बाप भलताच.
ती म्हणाली, घासून टाक.
मी वाळूचा डबा उघडला नाही,
चहा ठेवला.

तेवढ्यात मालान आली, तिची आई,
वाऱ्यावर वाळवलेलं मटण वर्तमानपत्रात बांधून.
आम्ही कागद लपवायला गेलो
तर ओल्या शाईला हात लावावा कुठे.
तिने चष्मा पुसला. वाकली.
लेकीच्या तिन्ही कॅनव्हासपुढे
जिने फक्त चौकटी कितीच्या ते विचारलं होतं
ती म्हणाली,
हा दाढी करतानाचा आहे.

आम्ही काही बोललो नाही.

मी दारात उभी असायचे टॉवेल घेऊन, ती म्हणाली,
आरशात असाच दिसायचा.
असाच होता तो त्याला स्वतःला.
तू पोरी, बाहेरून काढत होतीस.

बावीस छापले. खाली पेन्सिलीने आकडे आणि सही.
दगड घासला त्या दिवशी भरती होती,
करडं दूध नाल्यातून बंदरात गेलं,
सुन्नुवा बघायला थांबली नाही.

एक प्रत मालानने मागून घेतली,
डाव्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा ठसा पडलेली,
जी मी बाद केली होती.
मे महिन्यात तिच्याकडे नळ दुरुस्त करायला गेलो
तर बेसिनच्या वर, आरशाच्या खिळ्याला,
हानुस.
म्हटलं, इथे ओल लागेल कागदाला.
म्हणाली, त्यालाही लागायचीच की.