पन्नासाला एक

साताऱ्यात राधिका रोडला तांबोळींचं दुकान.
काउंटरवर दोन डबे:
एक कंपनीचा, निळा, झाकणावर चमकणारी चिकटपट्टी,
दुसरा पांढरा, बिननावाचा,
आहेर विसरून लग्नाला आल्यासारखा कडेला उभा.

हनीफभाईंनी दोन्ही फिरवले,
मागची मुंगीएवढी अक्षरं नखानं दाखवली.
टीसी-डब्ल्यू-थ्री. इथंही. इथंही.
"पाणी तेच आहे पोरा, तांब्या वेगळा.
आणि तांब्याचे तीनशे ऐंशी जास्त."

बामणोलीची एसटी यवतेश्वराच्या चढाला दम खात होती
तेवढ्यात मी हिशेब केला:
सीझनला चाळीस लिटर, गुणिले तीनशे ऐंशी.
तिकिटाच्या मागं आकडा मावला नाही.

आबाला सांगायची सोय नव्हती.
कोंडिबा उतेकर. पंचवीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाला
रात्री गोधडी घालणारा माणूस.
त्याला वाचता येत नाही,
पण निळा रंग येतो.

म्हणून मी रिकामा निळा डबा फेकला नाही.
पांढऱ्यातलं त्यात ओतलं,
पहाटे, शेडमागं, नरसाळं न वाजवता.
चोरी म्हणावी तर पैसे घरचेच.
खोटं म्हणावं तर मी बोललोच नव्हतो काही.

दोन सीझन गेले.
वासोट्याची पोरं चढली, उतरली,
लाइफ जॅकेट घालायला भांडली,
मधल्या पाण्यात सेल्फीसाठी एका बाजूला झुकली.
इंजिन एकदाही खोकललं नाही.
प्लग काढून बघायचो: बिस्किटाच्या रंगाचा, हवा तसाच.
आबा मागं हँडल धरून, नाकपुड्या फुगवून म्हणायचा,
कंपनीचं ते कंपनीचं.
मी दोर गुंडाळत राहायचो,
गुंडाळलेला पुन्हा.

मग मार्गशीर्षातली ती रात्र.
पलीकडून, खिरखंडीहून फोन:
सुमन ढेबेला कळा सुरू झाल्यात.
तिकडं रस्ता नाही, म्हणजे रस्ता आम्हीच.
आबा उठला. मोठ्या टाकीतली नळी काढली.
पुढच्या फळीखाली हात घालून
गोणपाटात बांधलेला पाच लिटरचा कॅन ओढला,
जो मी कधी पाहिला नव्हता.
नळी त्याला जोडली. रबरी फुगा चारदा दाबला.
दोरी. एक झटका.

धूर आला,
आणि दोन वर्षांत विसरलेला वास.

जाताना बोललो नाही. येताना तर सुमनच होती मधे,
तिच्या सासूची बॅटरी पाण्यावर थरथरत,
आणि धुक्यात काठ कुठला ते फक्त आबाला ठाऊक.
जीप तिला घेऊन मेढ्याकडं गेली,
तेव्हा मी विचारलं, कधीपासून माहीत आहे?

"पहिल्या दिवसापासनं. धुराला लेबल लागत न्हाई."

मग बोलला का नाहीस?

"चालतंय की. चाललं तर चालू दे."

आणि हा कॅन?

आबानं तंबाखू मळली, निम्मी सांडली.
"दोन्ही एकच असंल. तांबोळी खोटं बोलायचा न्हाई.
पण आत्ता मधी बंद पडलं असतं
तर मला आधी तेलाचा संशय आला असता,
मग तुझा."

उजाडेपर्यंत आम्ही नाव धूत बसलो.
नाव काही मळली नव्हती.

आता यादी मी उघड लिहितो:
पांढरं चाळीस लिटर. निळं, एक.
हनीफभाई हसतात, "अजून ठरलं नाही वाटतं तुमचं?"
ठरलंय, म्हणतो.

कॅनमधलं पेट्रोल महिन्यानं शिळं होतं.
आबा ते मोठ्या टाकीत रिकामं करतो आणि नवं कालवतो,
पन्नासाला एक, बाटलीच्या बुचानं मोजून.
त्या दिवशी पुण्याची पोरं वासोट्याला जातात
कंपनीच्या तेलावर,
आणि धूर तोंडावर आला की नाक दाबतात.