रिपोर्ट बाकी

औसा रोडला, चौथ्या मजल्याच्या गच्चीवर
थर्माकोलचे सतरा डबे आहेत.
यांतून आमच्या लॅबची रसायनं येतात
हैदराबादहून, बर्फात बसून.
रिकामे झाले की कचऱ्यात जायचे.
मी स्कूटीवर पायाशी ठेवून एकेक घरी आणला,
तापल्या खिळ्याने तळाला भोकं पाडली.
काळी माती एकटी ठेवली तर डब्यातही भेगाळते,
तिला भुसा लागतो सोबतीला, आणि थोडं शेण.

स्टिकर चिकटवायची सवय हाताला आहेच.
नाव, वय, तारीख, वेळ.
घोळ, बारा दिवस.
पाथरी, वय माहीत नाही,
कोर्टामागच्या गटारीच्या कडेवरून आणलेली.
चुका.
(शिपाई वाचून म्हणाला, मॅडम, एवढ्याच?)
भाच्याने हिंजवडीहून पाठवलेलं बेसिल,
पाकिटावर इटलीतली कुठली तरी टेकडी.
शमीमभाभींनी एक पान चुरगाळलं, नाकाशी नेलं,
"सब्जाच है ये. पुने में पढ़को आया."

नळ दहाव्या दिवशी येतो, कधी बाराव्या.
म्हणून तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण,
भाजी निवडल्यावर हात बुचकळलेलं,
सगळं एका बादलीत निवळत बसतं.
फिल्टरचं खारट पाणी एकदाच दिलं होतं.
शेपूने पानांच्या कडा जाळून दाखवल्या.

आठव्या डब्याची गोष्ट वेगळी.

ध्रुपदाबाई रेणापूरकडून येतात, तीन महिन्यांनी, शुगरला.
सुई टोचताना दुसरीकडे बघत नाहीत,
नळीत रक्त चढतं ते बघतात,
दूध मापून घेताना बघावं तसं.
एकदा पदराची गाठ सोडून त्यांनी
टेबलावर कंद ठेवला, मातीसकट,
रक्तदाबाच्या यंत्राशेजारी.
"कडवंची हाय. बांधावरची फवारणीनं गेली समदी.
माझ्या न्हाणीमागं तेवढी ऱ्हायलीया."
मी विचारलं, किती दिवसांत उगवेल?
"ते तिच्या मनावर."

मी तारीख लिहिली. वेळही लिहिली.
एक महिना. दोन.
सकाळी चहाचा कप घेऊन उकिडवी बसायचे
आणि नुसती माती बघायचे.
पोळा झाला, दिवाळी झाली.
मग पेनाने स्टिकरवर लिहून टाकलं, निगेटिव्ह,
आणि त्याच डब्यात कोथिंबीर टाकली.
कोथिंबिरीला काही माहीत नव्हतं, ती वाढली.
मी तिला खुडलं, ती संपली,
डबा टाकीच्या सावलीत सरकवला.
उन्हाळाभर धुवणाच्या बादलीचा तळ
तिथेच ओतायचे, दुसरी जागा नव्हती म्हणून.

जेठात एका रविवारी
कपडे वाळत घालताना
चिमटा त्या डब्यात पडला.
उचलायला वाकले तर
शेवयीएवढा वेल
भिंतीवरच्या डिशच्या वायरला
दोनदा गुंडाळून मोकळा झालेला.

आमच्या धंद्यात हे होतं.
नमुना लवकर बघितला जातो,
कागद खरा असतो, उत्तर चुकतं.
मी स्टिकर काढला नाही.
खाली जागा होती, तिथे लिहिलं:
पुन्हा तपासावे.

पहिल्या तोडणीला अकरा निघाल्या,
करंगळीच्या पेराएवढ्या, शिरा उठलेल्या.
धुवून, पुसून
लघवीच्या नव्या कोऱ्या डबीत भरल्या
(घरात तेवढंच झाकणाचं होतं)
आणि ध्रुपदाबाईंच्या तारखेला लॅबमध्ये नेल्या.

त्यांनी डबी उजेडाला धरली.
झाकण उघडून एकीचं देठ मोडलं, शेपूट मोडलं,
तशीच कच्ची तोंडात टाकली.
चावत राहिल्या बराच वेळ.
बाहेर बाकावर नऊ पेशंट, पंखा बंद.
"कडू हाय," म्हणाल्या, "बरोबर हाय."
मग उरलेल्या दहांकडे बघून हसल्या,
"एवढ्याला फोडणी घातली तर
तेलच लाजंल गं."

आणि बाही वर करून
हात पुढे केला.