एक कमी

अमोघच्या लग्नाची चित्रफीत साठ जीबीची.
चहा उकळेपर्यंत नव्या डिस्कवर गेली.
मी म्हटलं, झालं की.
मग नानांच्या फोल्डरची पाळी आली,
नाव 'दाब',
आणि हिरवी पट्टी बसली जागच्या जागी.

सोळा तास उरले, म्हणाली.
मग चाळीस मिनिटं.
मग एकवीस तास.
नर्मदेचा नळसुद्धा इतकं खोटं बोलत नाही,
तो निदान दिवसाआड येतो.

नाना विद्युत मंडळातून निवृत्त झाले
त्या संध्याकाळपासून रोज साडेसातला
जिन्याखालच्या बोर्डात मीटरच्या दोन काड्या घालून
घरातला दाब मोजतात,
आणि दर दिवसाची वेगळी फाइल.
दोनशे अठरा.
दोनशे सहा.
एकशे एकाहत्तर, पंखा रडतोय, पाहुणे आलेत.
एकाच तक्त्यात लिहा, मी कितीदा सांगितलं.
कालच्या पानावर आज कशाला, म्हणतात.

जेल रोडच्या वाधवानीने केबल बदलून दिली,
दीदी, हवा से बातें करेगी.
केली असतील. आमच्याशी नाही.

शेवटी खरगोणकरांचा निमिष आला,
पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन टेबलाखाली शिरला,
पुढच्या खाचेतली डिस्क काढून मागच्या निळ्या खाचेत घातली,
व्हायरसवाल्या पहारेकऱ्याला घटकाभर झोपवलं,
आणि खालूनच म्हणाला,
मावशी, मोठी फाइल जड नसते,
हे बारके जड.
प्रत्येकाचं दार वाजवायचं, नाव विचारायचं,
वहीत लिहायचं, दार लावून घ्यायचं.
चिमूटभर माल आणि केवढा मानपान!
सगळ्यांचं एक गाठोडं बांधा.

खरंच.
लोकमान्यनगरात राहायला आलो तेव्हा
कपाट एका खेपेत आलं होतं.
डब्यांची झाकणं
अजून येतायत.

नाना दारात उभे.
गाठोडं सुटतं ना पुन्हा?
सुटतं.
सोडून दाखव.
निमिषने नमुन्याचं सोडून दाखवलं.
एक तारीख त्यांनी स्वतः उघडली,
दोनशे चौदा, नवीन कुकर,
मान हलवली, बांधा म्हणाले.

बांधायलाच काय तो वेळ लागला.
मग पट्टी अशी सरकली
की निमिषचा शेवटचा घासही संपला नव्हता.

मोजा, नाना म्हणाले.
मंडळातली सवय.
इकडे नऊ हजार चारशे सहा.
तिकडे नऊ हजार चारशे पाच.

निमिषचा चेहरा पडला.
केबल, खाच, पहारेकरी, सगळं पुन्हा पाहिलं.
मी तारखा लावत खाली खाली गेले,
वर्षं सरली, महिने सरले,
अगदी तळाशी
आजची फाइल.
नानांनी दुपारीच उघडून ठेवलेली, खिडकीआड दडलेली,
फक्त तारीख घातलेली, पुढे कोरी.
उघडी असली की जात नाही, निमिष म्हणाला.

सात वाजून बावीस मिनिटं झाली होती.
नानांनी खुंटीवरचं मीटर काढलं.
बरोबर आहे, म्हणाले,
आजचं अजून झालं कुठे.