रेघ

खडेबाजारातला फोटोवाला म्हणाला,
"तोंड जरा डावीकडं."
तेव्हापासून डोक्यात आहे हे.

डॉक्टर हिरेमठ कागदावर नाक काढतात, त्यावर रेघ:
एवढं हाड तासायचं, बस्स.
मग रिपोर्ट उलटतात. पेन खाली.
"स्वल्प थांबा, ताई. तुमच्या रक्ताला
आपलं कोण, परकं कोण, कळेनासं झालंय.
जखम केली तर ते भरायला धावेल
की फाडायला?"

सकाळच्या पाच गोळ्या.
गालावरचा लाल चट्टा
नाक ओलांडून पलीकडं गेलेला.

निपाणी जवळ आली,
तंबाखूचा वास शिरला बसमध्ये.
शिंकले. तीनदा.
मागच्या सीटवरून एक म्हातारी वाकली,
बघत राहिली,
"आप्पण्णाची लेक काय गं तू?"

होय म्हटलं.
कागदाची घडी घातली.
फाडला नाही.