पत्त्यातलं पहिलं अक्षर

कोफिमवाब्याला तीन वर्षं काढली तरी
अम्माला स्वतःचा पत्ता उच्चारता येत नव्हता.
गावाच्या नावातलं पहिलं अक्षर
जीभ दातांमागून ओढून काढायचं: च्‌.
मातरला आम्ही तो आवाज
दुसऱ्याचं वाईट झालं की काढतो.
"नाव घेण्याआधीच हळहळायचं?" अम्मा विचारी.
"पुढे तर ऐक," नोक्वाखा म्हणे,
साबणाच्या हातांनी.

तिने शिकवलं ते असं:
औषधाच्या बाटलीचं बूच उडतं, तो क्यू.
गालाच्या कडेने बैल हाकावा, तो एक्स.
मिशनऱ्यांच्या खोक्यात ही अक्षरं
बिनकामाची उरली होती म्हणे,
त्यांना इथे नोकरी लागली,
बीजगणित शिकवायला आलेल्या
आमच्या तात्तासारखी.

अम्माने बदल्यात अर्धा न दिला.
"पुरता म्हटलास तर डोंगर,
अर्धा गिळलास तर झाडाचं खोड."
नोक्वाखा हसली. अर्धे न, अर्धे म
तिच्या घरी ढीगभर होते,
एक तर बकरीतच बांधलेला.
ती अडली ती डोळ्यापाशी. ॲस.
तो ॲ तिच्या तोंडात मिटून ए व्हायचा.

पाण्याचा घोळ मी स्वतः पाहिला.
तिच्या सासऱ्याच्या नावात पाण्याची अक्षरं होती,
सुनेने ती तोंडी आणायची नाहीत,
म्हणून ती पाण्याला भलतंच काही म्हणे
आणि अम्मा नेमकं तेवढंच शिकली.
नळावर बादली पुढे सरकवून बोलली मात्र,
रांगेतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या:
कुणाच्या घरची गं सून ही, साडीतली?
अम्मा घरी येऊन आधी रागावली,
मग सांगू लागली, आमच्यातही
वतुर भिक्खूंच्या पुढ्यात ठेवलं
की त्याचं पॅन् होतं.
दोघी बराच वेळ बादलीकडे बघत बसल्या.

धाकट्या मावशीचं पत्र आलं
ते नोक्वाखाने उजेडात धरलं.
"हे तर आमचं गाव, वरच्या टेकडीवरून दिसतं तसं."
गोल झोपड्या, कुणाची पाठ कुणाला लागलेली,
एखादीतून धूर वळून वर गेलेला.
ताडपत्रावर सरळ रेघ ओढली तर पान चिरतं,
म्हणून आमच्या अक्षरांना कोपरे नाहीत,
तात्ता फळ्यासमोर उभे असल्यासारखे सांगू लागले.
ती ऐकत नव्हती.
बोटाने एका झोपडीचं दार शोधत होती.

ऑगस्टात अम्माला ताप चढला.
तात्ता कागदांसाठी उमताताला गेलेले.
मम, मम, ती बरळत राहिली.
आमच्यात मम म्हणजे मी.
नुसतंच मी, पुढे क्रियापद नाही.
नोक्वाखाला त्यात आई ऐकू आली
आणि दर हाकेला ती म्हणाली, न्दिलाफा,
इथेच आहे.
रात्रभर.
मी आठ वर्षांची. दोन्ही भाषा मला येत होत्या.
मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

निघताना जाणाऱ्याने तिथे म्हणायचं असतं, नीट राहा.
अम्माने ते आठवडाभर घोकलं होतं.
ऐनवेळी तोंडातून निघालं, गिहिन् एन्नम्,
जाऊन येते.
नोक्वाखाने अर्थ विचारला बहुतेक.
ट्रकचं इंजिन चालू होतं.

आता मातरला, संध्याकाळी पायरीवर,
अम्मा माझंही नाव चुकते.
मधेच जीभ दातांमागून ओढते.
च्‌.
शेजारच्या पोडिनोना कुंपणाशी थांबतात,
काय झालं, कुणाचं काय झालं?
काही नाही, मी म्हणते,
पत्ता सांगतेय.