पान सात, तळाशी

ओटावाच्या घड्याळात आठ वाजतात
तेव्हा आमच्या सेंट जॉन्समध्ये साडेनऊ.
मुदतीच्या दिवशी सगळा विभाग अंधारात
आणि फक्त आमच्या खोलीत दिवा.
बंदरावरचं धुकं टेकडी चढून खिडकीशी येतं,
मी प्राध्यापकांच्या बेरजा तपासत असते.

बेरजा सगळ्यांच्याच चुकतात.
समुद्राच्या तळाचा नकाशा काढणारा माणूस
प्रवासभत्ता दोनदा लावतो.
सीलच्या पिल्लांना इजा न करता कसं मोजायचं
यावर नऊ पानं लिहिणारी मुलगी
सही करायची विसरते.
मी पेन्सिलीनं फुली मारते, फोन करते.
आभार मानतात. नाव कुठंच येत नाही माझं,
यायचं कारणही नाही.

डॉक्टर स्नूक यांच्या प्रकल्पाला तीन वर्षांचे पैसे मिळाले.
कॉडची मासेमारी बंद झाली त्या उन्हाळ्याबद्दल
किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, बोलणं टेप करायचं.
संमतीपत्रात त्यांनी लिहिलं होतं,
‘सहभागीस भावनिक अस्वस्थता संभवते.’
मी परत पाठवलं.
माझा बाप मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं होता,
त्याला हे वाक्य कळलं नसतं.
लिहा: बोलताना रडू येईल. मध्येच थांबलं तरी चालेल.
नंतर वाटलं की नको, तर सगळं पुसून टाकू.
आणि खाली, पान सातच्या तळाशी,
माझा नंबर.

अकरा वर्षं हा नंबर छापतेय मी कागदांवर.
कोणी लावत नाही.

मार्चमध्ये वाजला.
‘अँब्रोज हाइन्स बोलतोय, कोल्ड हार्बरहून.
तुमच्या बाईंशी मी बोललो फार.
बोट विकली त्या रात्री क्लॅरा काय म्हणाली
तेही सांगून बसलो.
ते तिचं होतं. माझं नव्हतं द्यायला.’

मी कारण विचारायचं नसतं.
नियमातच आहे, आणि बरं आहे.

स्नूकबाई खाली आल्या, कोट न काढता बसल्या.
दोन तास दहा मिनिटं, म्हणाल्या,
अख्ख्या प्रकल्पात असं दुसरं नाही.
नाव बदलते. गाव बदलते.
मी पान सात पुढं सरकवलं.
त्यांनी आपलंच वाक्य वाचलं, माझं खरं तर,
आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दुपारी दोघींनी मिळून पुसलं.
टेप, तिची प्रत, प्रतीची प्रत,
टंकलेखनवालीच्या संगणकावरचा अर्धवट मजकूर.
शेवटी मशीननं विचारलं, नक्की?
तिनं माझ्याकडं पाहिलं. बटण मीच दाबलं.

नष्ट केल्याचा दाखला फाइलला लावला. तारीख, वेळ, दोन सह्या.
क्लॅरा काय म्हणाली होती
ते मी ऐकलेलं नाही.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं.
आत चाळीस डॉलर, मानधनाचे, घडी न मोडलेले,
आणि चिठ्ठी: माल परत घेतला, पैसे ठेवणं बरोबर नाही.

जेराल्डीननं खतावणी उलटीपालटी केली.
दिलेलं मानधन परत घेता येत नाही, हेही पान पाचवर.
जमेला धरावं तर कुठल्या शीर्षाखाली?
‘देणगी’ म्हटलं तर दात्याला पावती,
‘इतर’ म्हटलं तर लेखापरीक्षक विचारणार,
कसले इतर?

परत पाठवले. मी पत्र लिहिलं, तीनदा फाडलं.
शेवटी एवढंच ठेवलं:
श्री. हाइन्स, पैसे वेळेचे होते. वेळ तुम्ही दिलात.

आज पुन्हा मुदत आहे. साडेआठ वाजलेत.
कुणीतरी शेवाळावरचा अर्ज पाठवलाय,
बेरीज चारशेनं चुकलीय.
मी पेन्सिल शोधतेय.
फोन वाजला की अजून
आधी पान सात आठवतं.